खूण जुळली म्हणजे टायमिंग जुळलं असं नाही

खरडहून बोलतोय. चंदीगडला लागून, मोहाली जिल्ह्यात हे गाव आहे. निवृत्तीनंतर मी इथेच राहिलो. घरामागच्या शेडमध्ये एक बाक आहे आणि त्यावर कायम कुठलं ना कुठलं इंजिन उघडं पडलेलं असतं. नोकरीत गाड्यांच्या दुरुस्तीतच हयात गेली, त्यामुळे हा नाद काही सुटत नाही.

आजचा विषय कॅमशाफ्टचं टायमिंग. जास्त ताकदीचं इंजिन बांधताना ते नेमकं कसं लावायचं, हे सांगणार आहे. व्हिडिओत हाताने करून दाखवलं होतं, इथे शब्दांत मांडतो. पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो, म्हणजे एवढी मोजमापं कशासाठी ते कळेल.

माझ्या भाच्याने जुनी मारुती जिप्सी घेतली. १२९८ सीसीचं, कार्बुरेटरचं, आठ व्हॉल्व्हचं इंजिन. त्याला ती घेऊन स्पितीला जायचं होतं. आम्ही दोघांनी मिळून इंजिन बांधलं. हेड थोडं वाकलं होतं म्हणून अर्धा मिलिमीटर फेसिंग करून घेतलं. कॅमशाफ्ट एका कारागिराकडून नव्या मापात ग्राइंड करून आणला. नवा टायमिंग बेल्ट घातला. पुलीवरची खूण समोरच्या खुणेशी आणली, क्रँकची खूण तिच्या जागी आणली, दोन्ही जुळल्या. मी झाकण लावलं. भाचा म्हणाला, "मामा, एकदा मोजून बघायचं का?" मी म्हणालो, "खुणा समोर दिसतायत ना, आणखी काय मोजायचं?"

खरडच्या रस्त्यावर गाडी उत्तम पळाली. पण कुंझुम खिंडीच्या चढावर, ४५५१ मीटर उंचीच्या त्या वाटेवर, एका अरुंद वळणात ती पहिल्या गिअरमध्येही ओढेना. इंजिन बंद पडलं. गाडीत माझी बहीण बसलेली, मागे भरलेला ट्रक आणि बाजूला दरी. भाच्याने हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावले, मग फोर व्हीलचा लो गिअर टाकून गाडी वर काढली. कुणाला काही झालं नाही. बहीण घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "दादा, त्या वळणात मी तुझं नाव घेत होते." कशा अर्थाने, ते मी विचारलं नाही.

परत आल्यावर इंजिन मोजलं. खुणा अजूनही जुळलेल्याच होत्या. आणि कॅम क्रँकच्या हिशेबाने चार अंश मागे होता.

कॅम काय करतो

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. फोर स्ट्रोक इंजिनात एक चक्र पुरं व्हायला क्रँक दोनदा फिरतो, म्हणजे ७२० अंश. तेवढ्यात कॅमशाफ्ट एकदाच फिरतो. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दाते असतात. कॅम एक अंश सरकला तर क्रँकच्या हिशेबाने दोन अंशांचा फरक पडतो. आज मी जे अंश सांगेन ते क्रँकचेच धरा. जिथे कॅमचे असतील तिथे तसं सांगेन.

कॅमशाफ्टवरचे उंचवटे म्हणजे लोब. ते व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात. यात सगळ्यात महत्त्वाची वेळ कोणती असं विचाराल, तर मी म्हणेन इनलेट व्हॉल्व्ह मिटण्याची. पिस्टन तळाला जाऊन वर यायला लागला तरी इनलेट व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. वेगात फिरणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला जोर असतो, ती पिस्टन वर येत असतानाही आत घुसत राहते. तिथे उशिरा मिटणं फायद्याचं. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर हवेला तो जोर नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. खरं दाबणं सुरू होतं ते व्हॉल्व्ह मिटल्यावरच. म्हणून कॅम मागे राहिला की खालच्या आरपीएमचा दम जातो. पुढे घेतला तर खाली दम वाढतो आणि वरच्या टोकाला थोडी ताकद कमी होते.

आता कुंझुमचा विचार करा. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. कार्बुरेटर तिथे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतो. आमचा नवा कॅम मुळातच वरच्या आरपीएमसाठी ग्राइंड केलेला. त्यात हे चार अंश. नुसत्या चार अंशांनी गाडी बंद पडत नाही. पण सगळ्या उणिवा एकाच बाजूला साठल्या की वळणात इंजिन हात टेकतं. हवेचा दाब माझ्या हातात नव्हता. चार अंश होते.

खूण खोटं का बोलते

कारखान्याने पुलीवर खूण केली ती कारखान्याच्या भागांसाठी. मूळ जाडीचं हेड, मूळ गॅस्केट, मूळ कॅम. आपण इंजिन बांधताना यातलंच सगळं बदलतो.

हेड अर्धा मिलिमीटर खाली आलं की कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर तेवढंच कमी होतं. बेल्टची ओढणारी बाजू ताणलेली राहण्यासाठी कॅमला थोडं मागे फिरावं लागतं. किती, ते काढता येतं. समजा कॅम पुलीला ४० दाते आहेत आणि दोन दात्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. पुलीचा घेर झाला ३२० मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे कॅमचा साधारण अर्धा अंश, क्रँकचा एक. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, खूण जुळलेलीच वाटते.

मग आमचे उरलेले तीन अंश कुठून आले? कॅम ग्राइंड करताना. पुली ज्या खाचेत बसते ती खाच आणि लोब यांचा परस्परांशी कोन मशीनवर दीड अंशाने हलला की क्रँकवर तीन होतात. कारागिराला दोष देऊन उपयोग नाही. बसवणारा मी होतो आणि तपासण्याचं काम बसवणाऱ्याचं.

"मग एक दाता सरकवा ना," असं काही जण म्हणतात. ४० दात्यांच्या पुलीवर एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. चार अंशांची चूक काढायला गेलात तर उलट बाजूला चौदा अंशांची करून बसाल.

सैन्यात नवी रायफल हातात आली की तिचं झिरोइंग करतात. साइटवर आकडे छापलेले असतात, तरी कुणी त्यांच्यावर विसंबत नाही. गोळ्या झाडायच्या, कागदावर कुठे लागल्या ते बघायचं, मग साइट हलवायची. तीस वर्षं जवानांना हे पाळताना पाहिलं आणि घरच्या इंजिनात मात्र छापील खुणेवर विसंबलो.

पहिली पायरी: खरा टीडीसी

सामान फार लागत नाही. अंशांच्या खुणा असलेली मोठी चकती, म्हणजे डिग्री व्हील. जाड तारेचा काटा. चुंबकाच्या स्टँडवरचं डायल गेज. आणि पिस्टन स्टॉप. जुन्या स्पार्क प्लगमधलं पोर्सेलीन काढून त्यात बोल्ट बसवला की स्टॉप तयार. बोल्टचं टोक गोल करा, नाहीतर पिस्टनवर ओरखडा येईल.

सगळं मोजायचं ते टीडीसीपासून, म्हणजे पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागेपासून. ती जागाच चुकली तर पुढचं सगळं चुकलं. पिस्टनवर नुसतं डायल गेज टेकवून ती सापडत नाही. टीडीसीच्या दोन अंश आधी आणि दोन अंश नंतर पिस्टन जेमतेम तीन शतांश मिलिमीटर हलतो. तिथे काटा थांबल्यासारखाच दिसतो.

म्हणून असं करा. बॅटरीची वायर काढा. सगळे प्लग काढा. बेल्ट अजून घालू नका आणि टॅपेटचे स्क्रू ढिले करून सगळे व्हॉल्व्ह मिटलेले ठेवा, म्हणजे पिस्टन किंवा स्टॉप त्यांना लागणार नाही. डिग्री व्हील क्रँकच्या बोल्टवर घट्ट बसवा, काटा ब्लॉकला बांधा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात स्टॉप लावा. आता पान्याने, अगदी हलक्या हाताने, पिस्टन स्टॉपला टेकेपर्यंत क्रँक फिरवा आणि आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवून दुसऱ्या बाजूने टेकवा, तोही आकडा लिहा. उलटं फिरवताना क्रँकचा बोल्ट सैल होत नाही ना, तेवढं बघा.

आमच्याकडे एका बाजूला २८ आला, दुसऱ्या बाजूला ३४. बेरीज ६२, निम्मे ३१. चकतीवरचा काटा असा सरकवायचा की दोन्हीकडे ३१ दिसले पाहिजेत. पुन्हा टेकवून खात्री करा. आता शून्य म्हणजे खरा टीडीसी. स्टॉप काढा, आणि इथून पुढे चकतीला किंवा काट्याला धक्का लागू देऊ नका. लागला तर पहिल्यापासून सगळं पुन्हा करायचं. कंटाळा आला तर चहा घ्या, पण अंदाजाने पुढे जाऊ नका.

दुसरी पायरी: लोबचं शिखर

आता बेल्ट खुणांप्रमाणे घाला, ताण द्या. पहिल्या सिलिंडरच्या इनलेट व्हॉल्व्हचं टॅपेट कॅम कार्डवर सांगितल्याप्रमाणे ठेवा. कार्ड म्हणजे कॅम बनवणाऱ्याने दिलेला मापांचा कागद. काही जण शून्य क्लिअरन्सवर मापं देतात, काही जण ठरावीक क्लिअरन्सवर. आधी ते वाचा. डायल गेजची दांडी व्हॉल्व्हच्या वरच्या टोपीवर टेकवा, आणि व्हॉल्व्ह ज्या दिशेने हलतो अगदी त्याच रेषेत ठेवा. तिरकी राहिली तर लिफ्ट चुकीची दिसेल.

क्रँक आता फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवायचा. पुढे गेलात तर किमान पाव फेरा मागे या आणि पुन्हा पुढे येत मोजा, नाहीतर बेल्टमधली ढिलाई मापात येते.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की गेज शून्य करा. शिखरावरही काटा काही अंश थांबलेलाच असतो, म्हणून इथेही दोन्ही बाजूंनी मोजून मध्य काढायचा. शिखर यायला १ मिलिमीटर बाकी असताना अंश लिहा, शिखर ओलांडून १ मिलिमीटर खाली आल्यावर पुन्हा लिहा. आमचे आकडे होते टीडीसीनंतर ७९ आणि १४१. बेरीज २२०, मध्य ११०. कार्डवर होतं १०६. शिखर चार अंश उशिरा येत होतं.

काही कॅमचे लोब दोन्ही बाजूंनी सारखे नसतात, म्हणून दुसरी पडताळणी हवी. १ मिलिमीटर लिफ्टला व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो ते मोजा. कार्डवर होतं: टीडीसीच्या १२ अंश आधी उघडतो, बीडीसीच्या ४४ अंश नंतर मिटतो. बीडीसी म्हणजे पिस्टनची तळाची जागा. एकूण काळ १२ अधिक १८० अधिक ४४, म्हणजे २३६ अंश. आमचा ८ अंश आधी उघडत होता आणि ४८ अंश नंतर मिटत होता. एकूण पुन्हा २३६.

हे बारकाईने बघा. काळ बरोबर आला याचा अर्थ लोबचा आकार कारागिराने अचूक काढला होता, फक्त जागा हलली होती. जागा आपण पुलीवर दुरुस्त करू शकतो. काळच वेगळा आला असता तर कॅम परत पाठवावा लागला असता.

तिसरी पायरी: दुरुस्ती

यासाठी सरकती पुली मिळते. तिचा मधला भाग आणि दात्यांचा भाग वेगळा असतो, बोल्टची भोकं लांबट असतात. बोल्ट ढिले करायचे, कॅम हवा तेवढा सरकवायचा, पुन्हा आवळायचे. पुलीवर अंशांच्या रेघा असतात. त्या कॅमच्या अंशांच्या आहेत की क्रँकच्या, हे आधी विचारा. आम्हाला क्रँकचे चार हवे होते, म्हणजे कॅमचे दोन. इथे गोंधळ झाला तर दुप्पट सरकेल. काही इंजिनांत पुली तीच ठेवून किंचित तिरकी चावी किंवा बुश वापरतात, काम तेच.

एक मर्यादा लक्षात ठेवा. या जिप्सीत इनलेट आणि एक्झॉस्टचे लोब एकाच शाफ्टवर आहेत. कॅम पुढे घेतला की दोन्ही पुढे जातात, त्यांच्यातलं अंतर बदलता येत नाही. दोन शाफ्टच्या इंजिनात दोन्ही वेगवेगळे लावता येतात, आणि मोजावेही वेगवेगळेच लागतात.

सरकवल्यावर बोल्ट आवळून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि सगळं पुन्हा मोजा. कार्डच्या एका अंशाच्या आत आलं की पुरे. आमचा १०६ आला. मग डोंगरात खालचा दम हवा म्हणून आम्ही ठरवून आणखी दोन अंश पुढे घेतला, १०४ वर. कार्डापासून हटायला हरकत नाही. पण मोजून हटलो तर त्याला निर्णय म्हणता येतं. न मोजता हटलो ती चूक, आणि ती मी आधी करून बसलो होतो.

चौथी पायरी: व्हॉल्व्ह आणि पिस्टन

ही पायरी कुणीही गाळू नका. फेसिंगमुळे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आलेले असतात. मोठ्या लिफ्टचा कॅम त्यांना आणखी जवळ आणतो. कॅम पुढे घेतला की इनलेट जवळ येतो, मागे घेतला की एक्झॉस्ट.

मुलांची खेळायची माती पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हच्या जागी पातळ थापा, वर तेलाचा हात फिरवा. हेड वापरलेल्या गॅस्केटसह आवळा, बेल्ट लावा, टॅपेट नीट ठेवा आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर करू नका, तिथेच थांबा. हेड काढून माती ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनलेटला किमान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच, असा साधारण दंडक आहे. एक्झॉस्ट तापून लांबतो आणि वेगात पिस्टनच त्याच्या मागे लागतो, म्हणून त्याला जास्त. आम्हाला इनलेटला २.३ मिळाले. त्यापुढे कॅम सरकवायची माझी छाती झाली नाही.

शेवटचं राहिलेलं

या जिप्सीत डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टच्या मागच्या टोकावर फिरतो. कॅम सरकला की ठिणगीची वेळही तेवढीच सरकते. म्हणून कॅम लावून झाल्यावर टायमिंग लाइटने इग्निशन पुन्हा लावा. हे विसरलात तर इंजिन ठोके देईल आणि तुम्ही कॅमला शिव्या द्याल.

मग पुलीवर तुमची स्वतःची खूण करा, वेगळ्या रंगात. वहीत तारीख आणि सगळे आकडे लिहा. पुढच्या वेळी बेल्ट बदलणारा मेकॅनिक कारखान्याची खूण बघणार, तेव्हा त्याला वही दाखवता आली पाहिजे.

कॅमबद्दल बोलतोय तर एक गोष्ट आपल्या घरची. सोलापूर म्हटलं की आपल्याला चादर आठवते. पण १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनीही सोलापूरचीच, आणि तिथले कॅमशाफ्ट परदेशी मोटार कंपन्यांकडे जातात. बिडाच्या अशा कॅममध्ये ओततानाच लोबचा पृष्ठभाग झटकन थंड करून कडक करतात. म्हणून जुना कॅम ग्राइंड करून घेताना किती खोल जायचं ते कारागिराला विचारा. कडक थर संपला तर लोब काही महिन्यांत झिजेल आणि तुमची सगळी मोजमापं वाया जातील.

आजच्या नव्या गाड्यांत कॅम चालता चालता पुढेमागे सरकतो. खाली फिरताना दम आणि वर फिरताना ताकद, दोन्ही मिळतं. तिथेही सेन्सर सारखा एकच प्रश्न विचारत असतो, कॅम आत्ता नेमका कुठे आहे. आपल्या जुन्या इंजिनात तो प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नाही. आपणच विचारायचा.

पुढच्या उन्हाळ्यात भाचा तीच गाडी घेऊन कुंझुमला गेला. बहीणही गेली. त्याच वळणात, लो गिअर न टाकता, गाडी पहिल्या गिअरमध्ये वर गेली. त्याने वरून फोटो पाठवला. बहिणीने खाली आल्यावर फोन केला आणि जेवलास का एवढंच विचारलं. मला तेवढं पुरलं.

इंजिन बांधायला महिना लागतो, हे मोजायला एक दुपार. ती दुपार वाचवू नका. पुढच्या भागात व्हॉल्व्ह सीटच्या कोनांबद्दल बोलू.

जय हिंद.